कोकणातल्या घरात लिनक्स: कोडिंगला आणि गेमला चालेल असा डिस्ट्रो निवडताना

गेल्या दिवाळीत भाचा कुडाळला आला तो बॅगेत एक जुना लॅपटॉप घेऊनच. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० कार्ड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला होता आणि विंडोज ११ त्या प्रोसेसरला दारात उभं करत नव्हतं. कॉलेजात पायथन आणि जावा सुरू झालं होतं, सरांनी लिनक्स शिकून घ्या म्हणून सांगितलं होतं. फराळाचं ताट हातात धरूनच त्याने विचारलं, "मामा, लिनक्स घालूया. पण गेम चलतले मा?"

चालतात. पण सगळे नाही, आणि कुठल्याही डिस्ट्रोवर तितक्याच सहज नाही. त्याला जे दोन दिवस शेजारी बसवून दाखवलं, तेच इथे क्रमाने लिहितो.

लिनक्स म्हणजे मुळात कर्नल, हार्डवेअर आणि बाकीचं सॉफ्टवेअर यांना जोडणारा सिस्टिमचा गाभा. लिनस टॉरव्हाल्ड्स याने तो १९९१ मध्ये लिहायला घेतला. त्या कर्नलभोवती डेस्कटॉप, सॉफ्टवेअर बसवण्याची व्यवस्था, ड्रायव्हर, अपडेट असा सगळा संसार मांडून जो तयार संच मिळतो तो डिस्ट्रो. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च ही त्यांचीच नावं. नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "यातला सगळ्यात चांगला कुठला?" माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी आपलं ग्राफिक्स कार्ड, आपले गेम आणि आपल्या घरची लाइट-नेट बघावी. तिसऱ्या गोष्टीचा विचार शहरात बसून दिलेल्या सल्ल्यात सहसा नसतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपलं सगळं तिच्यावरच अडतं.

पहिली पायरी: कार्ड ओळखा

विंडोज अजून चालू असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात डिस्प्ले अडॅप्टर्सखाली काय लिहिलंय ते वहीत उतरवून घ्या. पुष्कळ लॅपटॉपमध्ये तिथे दोन नावं दिसतील, एक इंटेलचं किंवा एएमडीचं आणि दुसरं एनव्हिडियाचं. म्हणजे दोन कार्डं आहेत. साध्या कामाला पहिलं आणि गेमला दुसरं.

फक्त इंटेल किंवा एएमडी असेल तर तुमचं निम्मं काम झालं. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि मेसा नावाच्या संचात असतात, ते प्रत्येक डिस्ट्रोबरोबर येतात, वेगळं काही घालावं लागत नाही. फक्त कार्ड अगदी नवं असेल तर कर्नल आणि मेसाही नवे लागतात, नाहीतर स्क्रीन चालते पण गेमला वेग मिळत नाही.

एनव्हिडिया असेल तर कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि इथे कार्डाची पिढी महत्त्वाची ठरते. जीटीएक्स १६०० आणि आरटीएक्स २००० पासून पुढच्या कार्डांना नवे ड्रायव्हर मिळत राहतात. जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांसाठी मात्र ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा, म्हणजे आवृत्त्यांची शेवटची मालिका. त्यापुढच्या शाखांमध्ये ही कार्डं नाहीत. म्हणून भाच्याच्या १०५० साठी मला असा डिस्ट्रो हवा होता, जो ५८० ची शाखा जपून ठेवेल आणि एखाद्या सकाळच्या अपडेटमध्ये न विचारता पुढची शाखा बसवणार नाही. जुनी एनव्हिडिया कार्डं असलेले लॅपटॉप आपल्याकडे मुंबईच्या सेकंडहँड बाजारातून फार येतात, म्हणून हे जरा लांबवून सांगितलं.

दुसरी पायरी: गेमची यादी करा

गेम विंडोजसाठी लिहिलेले असतात. ते लिनक्सवर चालवायचं काम वाइन हा प्रकल्प १९९३ पासून करतोय. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच वाइनवर प्रोटॉन उभा केला आणि चित्र पालटलं. गेम डायरेक्टएक्सच्या भाषेत कार्डाशी बोलतो, प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके ते बोलणं लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत करून कार्डापर्यंत पोचवतो. २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक हा हातातला गेमिंग पीसी तर आर्चवर बांधलेल्या स्टीमओएसवरच चालतो. त्यामुळे एकट्याने खेळायच्या गेमची आता फारशी काळजी करावी लागत नाही.

अडचण आहे ती ऑनलाइन गेममधल्या अँटी-चीटची, म्हणजे खेळातली लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजंड्स चालायचा, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर तो बंद केला. जीटीए फाइव्हची गोष्ट खेळता येते, पण त्याच्या ऑनलाइन भागाला सप्टेंबर २०२४ पासून लिनक्सचे दरवाजे बंद आहेत. उलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ थेट लिनक्ससाठीच बनलेले आहेत. कुठलाही डिस्ट्रो घ्या, ही यादी बदलत नाही. हे अँटी-चीट गेमवाल्या कंपनीच्या हातात असतं, डिस्ट्रोवाल्यांच्या नाही.

म्हणून आपण खरोखर खेळतो ते पाच-सात गेम कागदावर लिहा आणि प्रोटॉनडीबी या साइटवर एकेक शोधा. तिथे खेळणाऱ्यांनी आपापलं कार्ड, डिस्ट्रो आणि आलेला अनुभव लिहिलेला असतो. आपल्यासारखंच कार्ड असलेल्याचं मत शोधून वाचा. भाच्याच्या यादीत सहा गेम होते, त्यातला एक व्हॅलोरंट. त्याचं तोंड उतरलं. त्या एकासाठी विंडोजचा छोटा भाग शिल्लक ठेवायचं आम्ही तिथेच ठरवलं. आधी कळलं म्हणून ठरवता आलं. सगळं पुसून झाल्यावर कळलं असतं तर दिवाळीच कडू झाली असती.

तिसरी पायरी: घरची लाइट आणि नेट

इथे माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक रोलिंग डिस्ट्रो वापरत होतो. रोलिंग म्हणजे ज्याची ठरावीक आवृत्ती नसते. रोज काहीतरी नवं येत राहतं आणि तुम्ही ते घेत राहता. लॅपटॉपची बॅटरी संपल्यात जमा होती, तो चार्जरवरच चालायचा. जुलैचा महिना, बाहेर धो-धो पाऊस. अपडेट सुरू होतं, नवा कर्नल लिहिला जात होता, आणि वीज कडाडली तशी लाइट गेली. तासाभराने आली तेव्हा काळ्या स्क्रीनवर दोन ओळी होत्या: कर्नल सापडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला क्लायंटला काम द्यायचं होतं. फायबरची केबल झाडाखाली तुटलेली, मोबाइलला रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात स्टुलावर लॅपटॉप ठेवून, पेन ड्राइव्हवरचं लिनक्स सुरू करून, फोनच्या नेटवर कर्नल पुन्हा बसवला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

दोष त्या डिस्ट्रोचा नव्हता. शहरात, चोवीस तास लाइट असलेल्या घरात तो उत्तम चालतो. पण डिस्ट्रोची अपडेटची सवय आणि आपल्या घरची परिस्थिती यांचं जमायला हवं, हे त्या रात्री मला पटलं. रोलिंग डिस्ट्रोची आणखी एक अट असते: त्याला नियमित अपडेट द्यावं लागतं. महिनोन्महिने बंद ठेवून एकदम अपडेट केलं की पॅकेजांच्या डिजिटल सह्या तपासणाऱ्या जुन्या चाव्यांपासून सुरू होऊन अडचणींची रांग लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. आपल्याकडे मशीन बंद राहण्याचे दिवस येतात, हे धरूनच चालावं.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. बॅटरी निदान अर्धा तास टिकते का? नेट फायबरचं आहे की रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर भागवायचंय? आणि अडलं तर फोन करून विचारता येईल असं ओळखीत कोण आहे, तो काय वापरतो? हा तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण कणकवलीतला मित्र मिंट वापरत असेल तर पहिल्या वर्षी मिंट घेण्याला तेवढं कारण पुरे आहे.

डेस्कटॉप असेल तर आणखी एक. घरच्या इन्व्हर्टरला मागे बहुधा एक बटण असतं, नॉर्मल आणि यूपीएस असं. ते नॉर्मलवर असेल तर लाइट जाताना पंख्याला कळत नाही, पण कॉम्प्युटर तेवढ्यात रीस्टार्ट होतो. यूपीएसवर ठेवा.

आता डिस्ट्रो

लिनक्स मिंट, सिनॅमन डेस्कटॉपसह. बहुतेक नवख्यांना मी हाच देतो आणि भाच्यालाही दिला. मिंट उबुंटूच्या दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीवर बांधलेला असतो. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. म्हणजे पदवी होईपर्यंत मोठी उलथापालथ नाही. खाली मेन्यू, कोपऱ्यात घड्याळ, विंडोजवरून आलेल्याला घर ओळखीचं वाटतं. ड्रायव्हर मॅनेजर उघडला की एनव्हिडियाच्या शाखा यादीत दिसतात, हवी ती निवडायची. उणी बाजूही सांगतो: कर्नल आणि मेसा थोडे मागचे असतात, आणि एचडीआर किंवा वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर असतील तर सिनॅमनपेक्षा केडीई हा दुसरा डेस्कटॉप सरस आहे.

उबुंटू एलटीएस, म्हणजे दीर्घ सपोर्टवाला. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतो, पाच वर्षं सपोर्ट. पुष्कळ कंपन्यांच्या सर्व्हरवर उबुंटू किंवा डेबियन असतो आणि इंटरनेटवरची बहुतेक उत्तरं उबुंटू धरूनच लिहिलेली असतात, त्यामुळे कोडिंग शिकणाऱ्याला तो सोयीचा. एकच सावधगिरी: त्याच्या सॉफ्टवेअर दुकानातून स्टीम घेतलं तर ते स्नॅप या बंदिस्त पॅकेजच्या स्वरूपात येतं आणि त्यात गेमच्या तक्रारी फार. स्टीमच्या साइटवरून डेब फाइल घ्या.

फेडोरा. लॅपटॉप नवा कोरा आहे, कार्ड नवं आहे, तर हा बघा. वर्षातून दोन आवृत्त्या, प्रत्येकीला साधारण तेरा महिने सपोर्ट, कर्नल सतत ताजा. डेव्हलपरना तो आवडतो आणि मीही सध्या कामाला हाच वापरतो. पण एनव्हिडियाचा ड्रायव्हर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून घ्यावा लागतो आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त ओळखीच्या सहीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर त्याची किल्ली हाताने नोंदवावी लागते. शिवाय दर वर्षी एकदा तरी मोठं अपग्रेड. दीड जीबीच्या पॅकवर ते जड जातं.

बॅझाइट. फेडोराच्याच अॅटॉमिक प्रकारावर बांधलेला, गेमसाठी सजवलेला. स्टीम आधीच बसवलेलं, आणि डाउनलोड करताना कार्डाची पिढी विचारून त्याप्रमाणे फाइल देतो. यातली एक गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची आहे. इथे नवी अपडेट चालू सिस्टिमवर न लिहिता शेजारी वेगळी लिहिली जाते आणि रीस्टार्टनंतर लागू होते. मध्येच लाइट गेली तरी जुनी शाबूत राहते, आणि नवी बिघडली तर सुरुवातीच्या यादीतून मागची निवडता येते. माझी ती जुलैची रात्र यात आली नसती. पण या अपडेट आकाराने मोठ्या असतात, आणि मूळ सिस्टिमला हात लावता येत नसल्याने कोडिंगची साधनं डिस्ट्रोबॉक्ससारख्या कंटेनरमध्ये, म्हणजे सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात, बसवावी लागतात. लाइट बेभरवशाची पण फायबर चांगलं, आणि गेम आधी, कोडिंग नंतर, अशा घरात मी बेलाशक बॅझाइट घालीन. पहिल्यांदाच टर्मिनल शिकणाऱ्याला मात्र कंटेनरची जास्तीची पायरी गोंधळात टाकते.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आला; दगडासारखा पक्का, कोडिंगला उत्तम, नव्या कार्डावरच्या गेमला मागे पडणारा. आर्च आणि त्याच्या घरातले मांजारो, एन्डेव्हरओएस, कॅचीओएस यांबद्दल वर रोलिंग म्हणून सांगितलं तेच. वर्षभराने, बॅटरी चांगली असेल आणि सिस्टिम आतून शिकायची इच्छा असेल तेव्हा जरूर या वाटेला जा. शिकायला त्यासारखं दुसरं नाही.

कोडिंगसाठी म्हणून वेगळा डिस्ट्रो शोधत बसू नका. व्हीएस कोड, गिट, डॉकर, जावा, नोड सगळ्यांवर मिळतं. पायथनबाबत एवढंच: हल्लीच्या उबुंटू, मिंट, डेबियनवर पिप या पायथनच्या साधनाने थेट पॅकेज घालू गेलात तर सिस्टिम नकार देते. तो बिघाड समजू नका. प्रत्येक प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याच्यापुरता पायथनचा वेगळा कप्पा, बनवा आणि त्यात घाला. तो नकार जबरदस्तीने मोडायचा उपाय कुठे वाचलात तरी करू नका, कारण सिस्टिमची स्वतःची साधनं त्याच पायथनवर उभी असतात. ८ जीबी रॅममध्ये ब्राउझर, एडिटर आणि डॉकर एकत्र चालवलं की दम लागतो. जुन्या लॅपटॉपवर पैसे घालायचे तर आधी एसएसडी, मग रॅम.

उतरवून घेणं आणि करून बघणं

मिंटची फाइल तीन जीबीच्या जवळपास, उबुंटूची सहाच्या आसपास, फेडोराची अडीचच्या आतबाहेर. रोजच्या पॅकवर असाल तर टॉरेंटने घ्या. मिंट आणि उबुंटू दोघेही अधिकृत टॉरेंट देतात. नेट तुटलं तरी जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं, दोन-तीन रात्रींत फाइल उतरते. ब्राउझरने उतरवलीत तर साइटवर दिलेली चेकसमची आकड्या-अक्षरांची ओळ जुळवून बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलपायी नंतर दिवस वाया जातो.

पेन ड्राइव्हवर व्हेंटॉय हे साधन घाला. मग त्यात डिस्ट्रोची उतरवलेली आयएसओ फाइल नुसती कॉपी करायची, दोन-तीन डिस्ट्रो एकाच ड्राइव्हवर राहतात. त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि काहीही न पुसता तासभर वापरा. वाय-फाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, टचपॅड बघा. झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, हेही बघा. इथे जे चालत नाही ते बसवल्यावर आपोआप चालू होईल असं समजू नका.

बसवताना

फोटो, असाइनमेंट, घराच्या सातबाऱ्याचे स्कॅन, जे काही असेल ते आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोज ठेवणार असाल तर विंडोजमध्ये बसूनच तीन कामं करा. बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. पॉवरच्या सेटिंगमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज डिस्क अर्धवट धरून झोपतं आणि लिनक्सला ती नीट उघडता येत नाही. आणि डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करा. गेम ठेवायचे तर लिनक्सला १५० जीबी तरी द्या.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर घालताना सिक्युअर बूट चालू असेल तर एक पासवर्ड विचारला जाऊ शकतो. तो लिहून ठेवा. पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, दहाएक सेकंद थांबते. तिच्यावर एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. भाचा ती स्क्रीन बघून घाबरला आणि कंटिन्यू दाबून मोकळा झाला. मशीन सुरू झालं, पण ड्रायव्हर लागला नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, निळी स्क्रीन परत आली, तेव्हा त्याने स्वतः एनरोल केलं.

दोन्ही सिस्टिम ठेवल्यात तर घड्याळ हमखास चुकेल, आणि चुकेल ते बरोबर साडेपाच तासांनी. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एक आज्ञा आहे, टाइमडेटसीटीएलची. ती एकदा दिली की मिटलं. नेट नसेल तेव्हा हे जास्त जाणवतं, कारण वेळ आपोआप सुधारत नाही आणि ब्राउझर सुरक्षित साइट उघडायला नकार देतो.

मग मिंटमध्ये सॉफ्टवेअर सोर्सेस उघडून जवळचा वेगवान सर्व्हर निवडा, पहिलं अपडेट घ्या, त्याला जीबीभर डेटा धरा. टाइमशिफ्ट लगेच लावा, म्हणजे बिघडलेलं अपडेट मागे घेता येतं. फक्त त्यात सिस्टिमच जपली जाते. तुमच्या फायलींचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. डेटा कमी असेल तर फ्लॅटपॅक स्वरूपातली अॅप जपून वापरा, पहिल्याच अॅपबरोबर शेकडो एमबीचं सामान उतरतं. मराठी टायपिंगला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट आहे, आणि उच्चाराप्रमाणे लिहायची सवय असेल तर कगप नावाचा मराठी लेआउटही आहे.

स्टीम

हल्लीच्या स्टीममध्ये सगळ्या गेमना प्रोटॉन आधीच लागू असतो; नसेल तर सेटिंगमध्ये कॉम्पॅटिबिलिटीखाली बघा. विंडोजच्या डिस्कवर आधीच असलेले गेम तिथूनच लिनक्समध्ये चालवायचा मोह होतो, तो टाळा. त्या डिस्कचा एनटीएफएस साचा वेगळा. प्रोटॉन अशा नावांच्या फायली बनवतो ज्या विंडोजला चालतच नाहीत, आणि मग डिस्कच्या तक्रारी सुरू होतात. गेम लिनक्सच्या भागावर कॉपी करून घ्या. दोन कार्डांच्या लॅपटॉपवर गेम रडतखडत चालला तर तो बहुतेक वेळा साध्या कार्डावर चाललेला असतो. मिंटमध्ये स्टीमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ते मोठ्या कार्डावर चालवायचा पर्याय आहे.

मोठे गेम उतरवायचं काय? स्टीममध्ये २०२३ पासून एकाच नेटवर्कवरच्या दोन कॉम्प्युटरमध्ये गेमच्या फायली देता-घेता येतात. यंदा शिमग्याला भाच्याचा आतेभाऊ मुंबईहून लॅपटॉप घेऊन आला. दोघांनी आपापल्या स्टीममध्ये लॉगिन केलं, एकमेकांना फ्रेंड केलं, आणि दोघांकडेही असलेला चाळीस जीबीचा गेम आमच्या राउटरवरून, बाहेरचा डेटा जवळजवळ न जाळता, पालखी घरी येईपर्यंत भाच्याच्या मिंटवर उतरला होता.